आजी-आजोबा, तान्ही बाळं आणि मॉल : नवी मुंबई-ठाण्यातल्या खरेदीच्या बेताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेरूळला राहते. दिवाळी जवळ आली किंवा शाळांना सुट्टी लागली, की साताऱ्याकडचे, अलिबागचे, कल्याणचे नातेवाईक फोन करतात आणि पाठोपाठ तेच प्रश्न येतात. कुठल्या मॉलला जायचं, गाडी आणायची की लोकलने यायचं, आईंना एवढं चालवेल का. ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझा आग्रह एकच आहे. घरातलं जे माणूस सगळ्यात हळू चालतं, त्याला धरून बेत आखा. तरण्याताठ्यांच्या वेगाने आखलेल्या बेतात दुपारी दोननंतर आजी कुठल्यातरी बाकावर पिशव्या सांभाळत बसलेल्या दिसतात, आणि त्यांच्यासाठी म्हणून काढलेला दिवस त्यांच्याविनाच पार पडतो.

एवढे मॉल आहेत, त्यातला कुठला निवडू?

आधी सोबत कोण आहे ते बघा, दुकानं नंतर. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल आणि तुम्ही रेल्वेने येणार असाल, तर सीवूड्स. नेक्सस मॉल सीवूड्स-दारावे स्टेशनच्या डोक्यावरच बांधलेला आहे. रस्ता ओलांडायचा नाही, रिक्षा शोधायची नाही, पावसात छत्री उघडायची नाही. सिडकोच्या जागेवर एल अँड टीने स्टेशन आणि वरचं संकुल एकत्रच उभारलं, आणि मॉल २०१७ मध्ये सुरू झाला. म्हाताऱ्या माणसांसाठी यापेक्षा सोयीची जागा मला तरी या पट्ट्यात माहीत नाही.

वाशीला स्टेशनसमोर रघुलीला आणि तिथून थोडं चालून इनॉर्बिट. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. रघुलीलात छोटी छोटी दुकानं, मोबाईलची दुरुस्ती, घासाघीस करून घ्यायचे कपडे. इनॉर्बिटमध्ये मोठे ब्रँड, रुंद मोकळ्या वाटा, मुलांना पळायला जागा. वेळ हाताशी असेल आणि सगळे चालणारे असतील, तर एका फेरीत दोन्ही होतात.

ठाण्यात विवियाना आणि कोरम, दोन्ही पूर्व द्रुतगती महामार्गालगत. विवियाना ज्युपिटर हॉस्पिटलशेजारी, कोरम कॅडबरी जंक्शनपाशी. पाट्यांवरची नावं बदलली तरी रिक्षावाल्यांना जुनंच नाव कळतं, म्हणून रिक्षात बसताना विवियानाच म्हणा. अंध व्यक्तींना एकट्याने वावरता यावं म्हणून झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड या संस्थेच्या मदतीने या मॉलमध्ये खास सोयी केल्या गेल्या, हे मुद्दाम सांगते. घरात कुणाची दृष्टी अधू असेल, तर चौकशीच्या टेबलावर याबद्दल नक्की विचारा.

लोकलने कसं यायचं?

ठाण्याहून सीवूड्सला यायचं तर ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी धरा. ठाणे स्टेशनात ती ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत जुईनगर, नेरूळ आणि मग सीवूड्स. पाऊण तासाच्या आत पोहोचता. वाशीला जायचं असेल तर वाशी गाडीच पकडा. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो, एक वाट सानपाड्याकडून वाशीला आणि दुसरी जुईनगरकडून नेरूळला. चुकीच्या गाडीत बसलात तर सानपाड्याला नाहीतर जुईनगरला उतरून परत जिने चढावे लागतात, आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला तेच नको असतं.

कल्याण-डोंबिवलीकरांनी ठाण्याला बदलायचं. मुंबईकडच्यांना हार्बरची पनवेल लोकल सरळ सीवूड्सला आणते. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी कुर्ल्याला बदला. उरणची गाडी जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत धावते, तेव्हा उरणकरांनाही आता रस्त्याने यायची गरज नाही. नेरूळला जाणारी गाडी घ्या, ती सीवूड्सला थांबते.

रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक बघा. शनिवारीच बातमी येते. हार्बरचा ब्लॉक असला तर साधारण अकरा-साडेअकरापासून दुपारी चारपर्यंत गाड्या बंद किंवा तुटक असतात, म्हणजे नेमकी मॉलला जायची वेळ. ब्लॉक असेल तर दहाच्या आत पोहोचा किंवा सरळ दुसरा दिवस धरा.

ठाणे स्टेशनवरून विवियाना-कोरमला जायला पश्चिमेला उतरा. स्टेशनबाहेरच्या सॅटिस या उंच पुलावर टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बस लागतात, खाली रिक्षांच्या रांगा. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर शेअर रिक्षात दाटीवाटीने बसवू नका, मीटरने न्या.

गाडी आणली तर?

आणा, पण ठाण्याहून नवी मुंबईकडे येताना पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, हे लक्षात ठेवा. जोराची सर असेल तर ऐरोलीमार्गे या. घोडबंदर रोडकडून विवियानाला येणाऱ्यांनी माजिवडा-कापूरबावडीची संध्याकाळ टाळावी. मुंबईकडून येणाऱ्या कारना वाशी, ऐरोली, मुलुंड आणि आनंदनगरच्या नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल लागत नाही.

पार्किंगमध्ये गाडी लावली की मजल्याचा क्रमांक आणि खांबावरचं अक्षर यांचा फोटो काढा. सगळे तळमजले एकसारखे दिसतात. टपावर कॅरियर असेल तर प्रवेशावरची उंचीची पाटी वाचूनच आत शिरा. आणि एक महत्त्वाचं : आजींना पार्किंगमध्ये उतरवू नका. मुख्य दारापाशी आधी त्यांना आणि सोबत एकाला उतरवा, मग गाडी लावायला जा. तळघरातला धूर, उतार आणि लिफ्टची वाट, यातच त्यांची निम्मी ताकद जाते.

कोणता दिवस, कोणती वेळ चांगली?

मंगळवार ते गुरुवार, सकाळी मॉल उघडताना. बहुतेक मॉल साडेदहा-अकराला उघडतात. पहिल्या दोन तासांत लिफ्ट रिकामी असते, ट्रायल रूमला रांग नसते आणि विक्रेते नीट लक्ष देतात. आईला ब्लाउजपीस दाखवताना तेच विक्रेते दुपारी सुद्धा गोड बोलतील, पण रविवारी संध्याकाळी त्यांना श्वास घ्यायलाही सवड नसते.

रविवारी पाचनंतर म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं घेऊन जाऊच नका, एवढं स्पष्ट सांगते. सण, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि सेलचे पहिले शनिवार-रविवार यांचंही तेच.

आजींना सरकत्या जिन्याची भीती वाटते. काय करायचं?

भीती घालवायचा प्रयत्न मॉलमध्ये करू नका. लिफ्ट शोधा. पाच मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. "अहो, काही होत नाही, या तुम्ही" म्हणत हात ओढणारे जावई आणि नातवंडं मी पाहिली आहेत, आणि तोल नेमका त्या ओढण्यानेच जातो.

आजींना स्वतःला जिन्यानेच जायचं असेल, तर नीट जमवता येतं. आधी बाजूला उभं राहून दोन-चार माणसं कशी चढतात ते त्यांना बघू द्या. निऱ्या थोड्या वर खोचा, पदर खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचा, नऊवारी असेल तर काठ पायाखाली येत नाही ना ते पाहा. त्यांचा एक हात जिन्याच्या सरकत्या कठड्यावर. तुम्ही चढताना त्यांच्या एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे तोल गेला तर अंग तुमच्यावर येईल. पायरीच्या पिवळ्या रेघांच्या आत पाय, कडेच्या ब्रशला पाऊल लागू द्यायचं नाही. वर पोहोचताना "आता" असं एकदाच, शांतपणे म्हणा. "लवकर, लवकर" म्हणू नका. उतरल्यावर तिथेच थांबून पदर सारखा करायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं, कारण मागची माणसं थांबू शकत नाहीत.

मुलांच्या पायात मऊ रबरी सँडल असतील तर त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. पायरी आणि कडेच्या फटीत नेमक्या त्याच अडकतात. जिन्याच्या खाली आणि वर लाल बटण असतं. काही अडकलं तर आरडाओरडा करण्याआधी ते दाबा, जिना थांबतो. मॉलमध्ये शिरल्यावर घरातल्या प्रत्येकाला ते बटण एकदा दाखवून ठेवा.

व्हीलचेअर मिळते का?

मोठ्या मॉलमध्ये मिळते. प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाला किंवा चौकशी टेबलाला विचारा. ओळखपत्र ठेवून घेतात, म्हणून आधार कार्ड किंवा लायसन्स जवळ असू द्या. आदल्या दिवशी फोन करून विचारलंत तर उत्तम.

पुष्कळ ज्येष्ठांना व्हीलचेअरमध्ये बसायला संकोच वाटतो. "मी काय आजारी आहे का?" हा प्रश्न येणारच. त्यांना भरीस घालू नका. खुर्ची सोबत रिकामी ढकलत न्या, वर पिशव्या ठेवा. तासाभराने त्या आपणहून बसतात.

मॉलमध्ये बसायला जागा असते का?

असते, पण कमी आणि लांब लांब. म्हणून दर चाळीस-पन्नास मिनिटांनी बसायचं हे आधीच ठरवा. साड्यांच्या, चपलांच्या आणि चष्म्यांच्या दुकानात खुर्च्या असतात. खरेदीचा क्रम लावताना कपडे, मग चपला, मग पुन्हा कपडे असा लावलात तर विश्रांती आपोआप मिळते. एसी जोरात असतो. एक शाल आणि बाळासाठी टोपी पिशवीत हवीच.

तान्ह्या बाळाला घेऊन जाऊ का?

जा, पण पहिल्यांदा हिरकणी कक्ष कुठल्या मजल्यावर आहे ते विचारून घ्या. दूध पाजायला आणि लंगोट बदलायला ती जागा. काही ठिकाणी पाटीवर इंग्रजी नाव असतं, पण हिरकणी कक्ष म्हटलं की मराठी रक्षक बरोबर वाट दाखवतात. बाबागाडी सरकत्या जिन्यावर कधीही चढवू नका, बाळ आत असो वा नसो.

गर्दीत मूल हरवलं तर?

घरातून निघतानाच दोन गोष्टी करा. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, नाव मात्र वर दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. आणि मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाईलवर काढा.

मॉलमध्ये शिरल्यावर त्याला सांगा : "आई-बाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच थांब. दुकानातल्या काउंटरवरच्या ताईला सांग." बाहेर जायचं नाही, पार्किंगकडे तर मुळीच नाही. मूल दिसेनासं झालं की आधी जवळच्या रक्षकाला फोटो दाखवा, त्यांच्याकडे वॉकीटॉकी असतो आणि दारं काही क्षणांत सावध होतात. दहा मिनिटांत सापडलं नाही तर ११२ ला फोन करा, लाजू नका.

हेच सगळं विसराळू झालेल्या आजोबांनाही लागू आहे. चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातही ठेवा, आणि ठेवताना त्यांना मान देऊन सांगा, लपवून ठेवू नका.

घरचा डबा नेलेला चालतो का?

फूड कोर्टच्या टेबलावर डबा उघडला की बहुधा कुणीतरी येऊन नको म्हणतं. पण लहान बाळाचं खाणं, पथ्याचं किंवा औषधाबरोबरचं काही असेल तर शांतपणे सांगा, सहसा हरकत घेत नाहीत. मधुमेही माणसाच्या पिशवीत राजगिऱ्याची वडी किंवा दोन बिस्किटं असलीच पाहिजेत. फूड कोर्टच्या रांगेत सुट्टीच्या दिवशी अर्धा तास जातो आणि तेवढ्यात साखर उतरू शकते. संकष्टी, एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी घरूनच खाऊन निघा. मॉलमध्ये उपवासाचं मिळेल या भरवशावर राहू नका.

सिनेमाही बघायचा आहे. पाणी, खाऊ नेता येतो?

बाहेरचे पदार्थ नेण्यास मनाई करण्याचा थिएटरवाल्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. पण त्याच निकालात दोन गोष्टी आहेत : पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट उपलब्ध हवं, आणि तान्ह्या बाळासाठी आई-वडिलांनी आणलेलं खाणं नेऊ दिलं पाहिजे. तेव्हा महागड्या बाटल्या घेण्याआधी पिण्याच्या पाण्याची जागा विचारा.

मुलं सोबत असतील तर तिकिटावरचं प्रमाणपत्र वाचा. आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशा पायऱ्या आहेत. त्या पालकांना अंदाज यावा म्हणून. 'ए' असेल तर अठराच्या आतल्या मुलाला आत सोडत नाहीत, तुम्ही कितीही सांगितलंत तरी.

हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क लावलं. द्यावंच लागतं का?

नाही. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. काढून टाका म्हणून सांगा. वाढणाऱ्या मुलाला काही द्यायचं असेल तर ते त्याच्या हातात द्या.

बिल करताना मोबाईल नंबर मागतात. दिलाच पाहिजे का?

दिला नाही तरी बिल मिळालंच पाहिजे. नंबरशिवाय विक्री नाकारू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. ज्येष्ठांना हे आवर्जून शिकवा. कुणी विचारलं की नंबर सांगायचा, अशी त्यांची सवय असते. काउंटरवर मोठ्याने सांगितलेला नंबर मागच्या रांगेलाही ऐकू जातो. आणि फोनवर आलेला ओटीपी कुठल्याही बक्षीस योजनेसाठी कुणालाही सांगायचा नाही.

पिशवीचे पैसे वेगळे का घेतात?

महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, म्हणून कागदी किंवा कापडी देतात आणि पैसे लावतात. खरेदी झाल्यावर, काउंटरवर पोहोचल्यानंतर अचानक पिशवीचे पैसे मागणं ही अनुचित प्रथा असल्याचा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. भांडायचं की नाही ते तुमच्यावर आहे. मी घरच्या दोन कापडी पिशव्या घडी करून पर्समध्ये ठेवते.

घेतलेली वस्तू आवडली नाही, तर परत घेतात का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. रंग आवडला नाही, माप लहान झालं, अशा कारणांसाठी बदलून द्यायचं की नाही हे दुकानाचं धोरण. ते बिलाच्या पाठीमागे लिहिलेलं असतं आणि सेलच्या मालाला बहुधा वेगळं असतं. पैसे देण्यापूर्वी विचारा, विशेषतः गावी परत जाणाऱ्यांसाठी घेत असाल तर; साताऱ्याहून कुणी शर्ट बदलायला वाशीला येणार नाही.

पण माल सदोष निघाला, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीदेखील. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत तुम्हाला अडवू शकत नाही. दुकानाने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून घरी पोहोचायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा.

सेल खरा कधी असतो?

हंगाम संपतानाचे मोठे सेल जूनअखेर ते जुलै आणि डिसेंबरअखेर ते जानेवारी. पहिल्या आठवड्यात मापं मिळतात, शेवटच्या आठवड्यात सूट जास्त मिळते. दोन्ही एकदम मिळत नाही. आजींसाठी चपला घ्यायच्या असतील तर पहिला आठवडा, आणि चपला संध्याकाळी घाला-बघा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात.

एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्याच्या वर काही मागितलं तर देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या किमतीच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर १८ टक्के.

काहीच घ्यायचं नाही, नुसतं फिरायला आलो तर चालेल का?

हा प्रश्न बहुतेक वेळा हळू आवाजात विचारला जातो, आणि तो ऐकून मला वाईट वाटतं. चालेल. आत यायला तिकीट नाही. गावाहून आलेल्या काकूंना वाटतं, की आपले कपडे, आपली चप्पल बघून कुणी हटकेल. कुणी हटकणार नाही. तुम्ही काचेतून बघा, आत जाऊन हात लावून बघा, किंमत विचारा आणि "नको" म्हणा. विक्रेत्यांचं ते रोजचं काम आहे. त्यातल्या कितीतरी मुली दिघा, तुर्भे, कळव्याहून येतात आणि मराठीत बोललं की त्यांचाही चेहरा खुलतो. सोबतच्या माणसांनी फक्त एक करा : काकूंना किंमत विचारायला लाज वाटत असेल तर ती तुम्ही विचारा.

दिवस मॉलमध्येच घालवायचा का? जवळपास आणखी काय आहे?

मुलांसाठी नेरूळचं वंडर्स पार्क. हिवाळ्यात ते मे महिन्यापर्यंत आलात तर सीवूड्स पश्चिमेचं डीपीएस शाळेजवळचं तळं, तिथे रोहित पक्षी उतरतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली की तळ्यांकडे येतात, म्हणून भरतीची वेळ बघूनच रिक्षा करा. आजोबांना दुकानांचा कंटाळा असेल, तर सकाळी इथे आणि मग मॉलमध्ये जेवायला, हा बेत सगळ्यात चांगला जमतो.

आग वगैरे लागली तर?

भांडुपच्या ड्रीम्स मॉलची मार्च २०२१ मधली आग या भागातल्या लोकांना आठवत असेल. आत शिरल्यावर हिरव्या रंगाची बाहेर पडायची पाटी आणि साधा जिना कुठे आहे, एवढं एका नजरेत हेरून ठेवा. आगीत लिफ्ट वापरायची नाही. व्हीलचेअरवरच्या माणसासोबत कोण राहणार, ते घरूनच ठरलेलं असू द्या.

पिशवी, चष्मा, कवळी विसरली तर?

तिन्ही विसरतात, आणि कवळी फूड कोर्टच्या कागदी रुमालात गुंडाळून ताटाबरोबर जाते. आठवलं की लगेच फूड कोर्टच्या सफाई कामगाराला गाठा, कचऱ्याची पिशवी खाली जाण्याआधी. बाकी वस्तूंसाठी चौकशी टेबलावर नोंद करा : कुठला मजला, किती वाजता, वस्तूचा रंग, तुमचा नंबर. लोकलमध्ये राहिली असेल तर गाडीची वेळ आणि डबा सांगून १३९ वर कळवा.